नेटवर दिसलेल्या पुरातत्त्वीय फोटोचं मूळ कसं शोधायचं: नवीन लोकांसाठी

दोन सांगाडे एकमेकांसमोर पडलेत, एकाचा हात दुसऱ्याच्या चेहऱ्यापर्यंत गेलाय, आणि खाली कॅप्शन आहे "६००० वर्षांपूर्वीचं चुंबन". हा फोटो कधी ना कधी तुमच्यासमोर आलाच असेल. आता समजा तुम्हाला तो एखाद्या लेखात वापरायचाय, किंवा नुसतंच बघायचंय की हे खरं किती, तर बहुतेक जण काय करतात, गूगलवर टाकतात, शंभर वेबसाइटी निघतात, सगळीकडे तेच कॅप्शन, आणि मग वाटतं की एवढ्या जणांनी लिहिलंय म्हणजे असेलच. पण त्या शंभर जणांनी एकमेकांचंच उचललेलं असतं. तो पुरावा एकच आहे, शंभर वेळा छापलेला.

हाच फोटो आपण उदाहरण म्हणून शेवटपर्यंत नेऊ, अधूनमधून दुसरेही घेऊ.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण नवीन माणसाचा सगळा गोंधळ इथेच होतो. "या फोटोचा सोर्स काय" हा दिसायला एक प्रश्न आहे पण त्यात दोन प्रश्न आहेत. एक, फोटो कुणी काढला, कधी, आणि पहिल्यांदा कुठे छापला. दोन, फोटोतली वस्तू कुठली, कुठे सापडली, आता कुठे आहे. एका माणसाने मागच्या वर्षी म्युझियममध्ये मोबाईलवर काढलेला फोटो असू शकतो आणि त्यातली मूर्ती दोन हजार वर्षं जुनी. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळालं असं होत नाही. दोन वेगळे कागद घ्या, किंवा एकाच फाइलमध्ये दोन रकाने करा, आणि जे सापडेल ते त्या त्या रकान्यात लिहीत जा, लिंकसकट आणि तुम्ही कधी बघितलं त्या तारखेसकट. हे आत्ता कंटाळवाणं वाटेल पण तीन दिवसांनी वीस टॅब उघडे असतील तेव्हा हीच फाइल कामाला येते.

आधी फोटो नीट बघा, सर्च नंतर

सर्चची घाई करू नका. मिळेल तेवढी मोठी कॉपी सेव्ह करा आणि झूम करून कोपरा न कोपरा बघा.

काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची पट्टी किंवा काठी दिसतेय का? ती स्केल आहे, म्हणजे फोटो बहुतेक खोदकाम करणाऱ्यांनी किंवा म्युझियमवाल्यांनी कामासाठी काढलाय, पर्यटकाने नाही. बाजूला छोटी पाटी असेल तर त्यावर साइटचा (खोदकामाच्या जागेचा) कोड, ट्रेंच म्हणजे खणलेला चर, थर आणि तारीख लिहिलेली असते, आणि तीच पाटी शेअर करणारे लोक हमखास क्रॉप करून टाकतात, म्हणून क्रॉप न केलेली कॉपी शोधणं हे अर्धं काम आहे. काचेचं रिफ्लेक्शन, मागे दुसरी शोकेस, खाली लेबलचा तुकडा दिसत असेल तर फोटो म्युझियममधला. लेबलवर कुठल्या भाषेतली अक्षरं आहेत एवढं जरी कळलं तरी देश कळतो.

जुना फोटो असेल तर भरपूर झूम करून बघा, बारीक बारीक ठिपक्यांची जाळी दिसते का. दिसली तर तो छापील पुस्तकातून किंवा मासिकातून स्कॅन केलेला आहे, आणि मग तुम्हाला वेबसाइट शोधायची नाहीये, पुस्तक शोधायचंय. जुन्या उत्खनन अहवालांमध्ये फोटोंना "प्लेट" म्हणायचे आणि नंबर रोमन आकड्यांत असायचा, तो कधी कधी वरच्या कोपऱ्यात तसाच राहिलेला असतो. तो नंबर सोनं आहे, जपून लिहून ठेवा.

फाइलचं नावही बघा. सुरुवातीला "८००पीएक्स" सारखं काही असेल तर कॉपी विकिमीडिया कॉमन्सवरून, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यावरून आलीय. तीन लांबलचक आकडे, मध्ये अंडरस्कोर आणि शेवटी "एन" असं असेल तर फेसबुकवरून. फ्लिकरवरून थेट डाऊनलोड केलेल्या फाइलच्या नावात सुरुवातीचा लांब आकडा हा त्या फोटोचा आयडीच असतो, त्यावरून मूळ पान गाठता येतं.

एक्सिफ, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली तारीख, कॅमेऱ्याचं मॉडेल, कधी कधी जागा, हे तपासायला एक मिनिट लागतं, तपासाच. पण फार आशा ठेवू नका, व्हॉट्सअॅप, फेसबुक वगैरे ही माहिती काढून टाकतात. आणि एखाद्या जुन्या फोटोत एक्सिफ सापडलं तरी ती तारीख स्कॅन केल्याची असू शकते.

रिव्हर्स सर्च, पण एकावर थांबू नका

आता रिव्हर्स सर्च, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच टाकून शोधणं. गूगल लेन्स, बिंग, यांडेक्स आणि टिनआय, चारही वापरा, कारण चौघांचं वागणं वेगळं आहे. लेन्स "यासारखं दिसणारं" दाखवण्यात हुशार आहे, म्हणून वस्तू ओळखायला चांगलं, पण हाच फोटो हवा असेल तर त्यातलं "एक्झॅक्ट मॅचेस" निवडा नाहीतर भलत्याच मूर्ती बघत बसाल. टिनआय उलट आहे, ते सेम टू सेम तोच फोटो शोधतं, क्रॉप केलेला, रंग बदललेला असला तरी, आणि त्यात निकाल "सर्वात जुने" आणि "सर्वात मोठे" असे लावता येतात. दोन्ही लावून बघा. मला विचाराल तर "सर्वात मोठे" जास्त उपयोगी पडतं, कारण कॉपीची कॉपी होताना फोटो लहान होत जातो, आणि मोठी, न कापलेली कॉपी मुळाच्या जवळची असण्याची शक्यता जास्त. अर्थात कुणी सॉफ्टवेअरने फुगवलेली असू शकते, म्हणून डिटेल खरंच वाढलाय का ते बघा.

टिनआयमधल्या तारखेबद्दल एक खबरदारी: ती तारीख म्हणजे त्यांच्या मशीनला तो फोटो कधी दिसला ती. फोटो नेटवर कधी आला ती नाही, आणि काढला कधी ती तर अजिबात नाही. गूगलमधल्या तारखाही अशाच, पान नंतर अपडेट झालं की तारीख बदलते.

सर्च करताना फोटो तसाच टाकू नका. वर चिकटवलेलं कॅप्शन, बॉर्डर, लोगो कापून टाका. कोलाज असेल तर एकेक भाग वेगळा करून टाका. काहीच मिळालं नाही तर फोटो आरशासारखा उलटा करून परत टाका, कारण बरेच लोक पकडलं जाऊ नये म्हणून फिरवतात.

इथे थोडं विषयांतर, पण महत्त्वाचं आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांचा फोटो असेल तर "उलटा आहे" म्हणून लगेच निकाल देऊ नका. मुद्रा उलटी कोरलेली असते, ओल्या मातीवर दाबल्यावर ठसा सुलटा यावा म्हणून. त्यामुळे मुद्रेचा फोटो आणि ठशाचा फोटो हे एकमेकांचे आरसेच असतात आणि दोन्ही खरे असतात. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे साधारण आजच्या इराकमधल्या, दंडगोल मुद्रांचं तर आणखी एक, शेजारी जो लांब सुंदर ठसा दिसतो तो बहुतेक वेळा म्युझियमने आत्ताच्या काळात फिरवून काढलेला असतो. तो ठसा चार हजार वर्षं जुना नाही, मुद्रा जुनी आहे. कॅप्शन लिहिताना हे चुकतंच लोकांचं.

साखळी मागे मागे नेत जा

सर्चमधून जी पानं मिळतील त्यातली बरीच म्हणजे पिंटरेस्ट, रेडिट, "जगातली दहा रहस्यं" छाप वेबसाइटी. यातलं काहीच स्रोत नाही, पण प्रत्येकात मागे जाणारा धागा असू शकतो. पिंटरेस्टचा पिन कुठल्या साइटवरून आला ती लिंक बघा, मेलेली असेल तर तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाका, तिथे १९९६ पासूनची पानं साठवलेली आहेत. खालच्या कमेंट वाचा, खरंच वाचा, पन्नास "वाव" मध्ये एखादा माणूस "हे अमुक म्युझियममध्ये आहे, मी बघितलंय" लिहून गेलेला असतो. त्याचं खरं धरायचं नाही, पण शोधायला शब्द मिळतो.

विकिमीडिया कॉमन्सवर पोचलात तर बरंच काम झालं असं समजा, पण संपलं नाही. तिथल्या फाइलच्या पानावर लेखक आणि स्रोत असे रकाने असतात. लेखक हाच अपलोड करणारा असेल आणि "स्वतःचं काम" लिहिलेलं असेल, तर त्याने अजून काय अपलोड केलंय ते बघा. त्याच दिवशी त्याच म्युझियमचे तीस फोटो, एकाच कॅमेऱ्याचे, असं असेल तर भरवसा ठेवायला हरकत नाही. आणि एकाच माणसाने १९३० सालचा फोटो, सॅटेलाइटचा नकाशा आणि मूर्ती, सगळंच "स्वतःचं काम" म्हणून टाकलं असेल तर पुढे शोधत राहा. गेटी किंवा अलामी सारख्या स्टॉक साइटचा वॉटरमार्क असला म्हणजे मूळ तिथलं असंही नाही, शंभर वर्षं जुने, हक्क संपलेले फोटोही तिथे विकायला असतात. पण कॅप्शन वाचा, कधी कधी तिथलं कॅप्शन बाकी सगळ्यांपेक्षा अचूक असतं.

भाषा बदलून शोधणं हे नवीन लोक कधीच करत नाहीत, आणि खरं सांगतो, अर्धी कोडी यानेच सुटतात. वस्तू तुर्कस्तानातली वाटतेय तर तुर्की भाषेत "उत्खनन" आणि जागेचं नाव टाका, इराणमधली असेल तर फारसीत. ट्रान्सलेट वापरून शब्द घ्या आणि पेस्ट करा. त्या देशातल्या वर्तमानपत्रात पहिली बातमी आलेली असते, तिथे फोटोखाली क्रेडिट असतं, आणि इंग्रजी बातमीत येईपर्यंत ते गळून गेलेलं असतं.

पोचायचं कुठे: नंबरापर्यंत

थांबायचं कधी हे कळलं पाहिजे. सर्वात जुनी कॉपी मिळाली की थांबायचं, असं नाही. जिथे वस्तूला नंबर आहे आणि नंबर देणारी संस्था आहे तिथे थांबायचं.

आता आपले सांगाडे. रिव्हर्स सर्चमधून "हसनलू" हा शब्द मिळतो. वायव्य इराणमधली ही साइट, तिथे रॉबर्ट डायसन यांच्या नेतृत्वाखाली खोदकाम झालं, त्यात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचं म्युझियम म्हणजे पेन म्युझियम होतं. हे सांगाडे १९७२ मध्ये सापडले. मग पेन म्युझियमच्या साइटवर आणि त्यांच्या प्रकाशनांत शोधायचं, तिथे या दोघांना एसके ३३५ आणि एसके ३३६ असे नंबर आहेत. आणि तारीख? हे गाव साधारण इसवी सनपूर्व ८०० च्या सुमाराला हल्ल्यात जळून पडलं, त्या नाशातले हे दोघं. म्हणजे साधारण २८०० वर्षं. सहा हजार नाहीत. लोक त्यांना "प्रेमी" म्हणतात, पण ते नाव नंतर चिकटलेलं आहे, नंतरच्या अभ्यासात दोघंही पुरुष असावेत असं पुढे आलं, आणि चुंबन वगैरे आपण फोटोवर लादलेलं. मग ६००० आलं कुठून? माझा अंदाज असा की इटलीत मांतोवाजवळ वाल्दारोला २००७ मध्ये अशीच मिठीतली जोडी सापडली, ती नवाश्मयुगातली, खरोखर सहा हजार वर्षांच्या आसपासची, आणि दोन्ही फोटो एकत्र फिरताना आकडा इकडून तिकडे गेला असावा.

बघा, इथे फोटो शंभर टक्के खरा आहे. कॅप्शन खोटं आहे. पुरातत्त्वात हेच जास्त वेळा होतं.

म्युझियमचे नंबर वाचायला शिका, त्यात बरंच काही लपलेलं असतं. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधला निळा पाणघोडा, ज्याला सगळे विल्यम म्हणतात, त्याचा नंबर १७.९.१ आहे, पहिला १७ म्हणजे तो १९१७ मध्ये त्यांच्याकडे आला. ब्रिटिश म्युझियममध्ये उर या मेसोपोटेमियातल्या शहरात सापडलेल्या "स्टँडर्ड"चा, म्हणजे चित्रं जडवलेल्या पेटीचा, नंबर १९२८,१०१०.३ असा आहे, म्हणजे १९२८ सालच्या दहाव्या महिन्यातल्या दहा तारखेच्या नोंदीतली तिसरी वस्तू. याशिवाय खोदकामाचा स्वतःचा नंबर वेगळा असतो, उरच्या वस्तूंना "यू" ने सुरू होणारे, इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या थडग्यातल्या वस्तूंना ते खोदणाऱ्या हॉवर्ड कार्टरने दिलेले, सोन्याचा मुखवटा २५६ए. एकाच वस्तूला दोन-तीन नंबर असणं नॉर्मल आहे, सगळे लिहून ठेवा, कारण वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळा नंबर सापडेल.

वस्तू खरंच तीच आहे का

नंबर मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका, ताडून बघा. उरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत लिओनार्ड वुली यांना झाडाला पुढचे पाय टेकवून उभ्या असलेल्या बोकडाच्या दोन मूर्ती सापडल्या, एक ब्रिटिश म्युझियममध्ये गेली आणि एक पेन म्युझियममध्ये, तिथला नंबर ३०-१२-७०२. दोन्ही जुळ्या भावांसारख्या, आणि नेटवर एकीचा फोटो दुसरीच्या माहितीसोबत फिरतो. अशा वेळी तडे, तुटलेले कोपरे, डाग, डागडुजीच्या खुणा बघायच्या. माणसाच्या बोटांच्या ठशासारखंच असतं ते, दोन वस्तूंना सेम तडा जात नाही. म्युझियमच्या साइटवरचा फोटो एका बाजूला, तुमचा दुसऱ्या बाजूला, आणि तीन खुणा जुळवा. एक जुळली तर योगायोग असू शकतो.

प्लास्टरच्या प्रतिकृतींचंही लक्षात ठेवा. प्रसिद्ध वस्तूंच्या प्रतिकृती जगभरच्या म्युझियममध्ये मांडलेल्या असतात, लेबलवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं, पण फोटोत लेबल येत नाही. मोहेंजोदारोची नर्तकी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तथाकथित "पुरोहित-राजा" कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयात, तेव्हा हे दोघं एका शोकेसमध्ये शेजारी दिसले तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा. नर्तकी प्रत्यक्षात जेमतेम साडेदहा सेंटीमीटरची आहे, फोटोत हाताच्या किंवा मागच्या वस्तूंच्या तुलनेत मोठी दिसली तरी शंका घ्यायची.

आणि म्युझियमच्या नोंदीत "अमुक ठिकाणची असल्याचं सांगितलं जातं" असं वाक्य असेल तर ते जसंच्या तसं घ्या. त्याचा अर्थ वस्तू खोदकामात नोंद होऊन आलेली नाही, विक्रेत्याने तसं सांगितलं. तुम्ही ते "सांगितलं जातं" गाळलंत की अंदाज एकदम पुरावा होऊन बसतो, आणि पुढचे सगळे तुमच्यावरून उचलतात.

जुने काळेपांढरे फोटो

यात मजा खूप आहे आणि वेळही जातो. सिंधू संस्कृतीचे पहिले फोटो जगाने बघितले ते भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांच्या लेखासोबत, २० सप्टेंबर १९२४ च्या "इलस्ट्रेटेड लंडन न्यूज"मध्ये. मोहेंजोदारोचा मोठा अहवाल आला १९३१ मध्ये, तीन खंडांत, आणि बहुतेक प्लेट्स तिसऱ्या खंडात आहेत. असे जुने अहवाल इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेले मिळतात, पानं उलटत बसावं लागतं, पण आपला फोटो प्लेटवर नंबरासकट दिसला की जे समाधान मिळतं ते कुठल्याही सर्च इंजिनात नाही. भारतातल्या १९५३-५४ नंतरच्या खोदकामांसाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाचं "इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू" हे वार्षिक बघा, वर्ष आणि साइट माहीत असेल तर फोटो बऱ्याचदा तिथेच निघतो.

तुतनखामुनच्या थडग्याचे फोटो हॅरी बर्टन यांचे, आणि ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने ते नेटवर ठेवलेत. दोरीची गाठ आणि त्यावर न फुटलेलं सील, "थडग्याच्या दारावरचं ३२०० वर्षांचं सील" असा जो फोटो फिरतो तो तिथे जाऊन बघा. ते थडग्याचं दार नाहीच, आत एकात एक ठेवलेल्या सोनेरी देव्हाऱ्यांपैकी दुसऱ्याच्या दारावरचं ते सील आहे. आणि बर्टन यांचा एखादा फोटो रंगीत दिसला तर तो नंतर कुणीतरी रंगवलेला आहे, त्यातल्या रंगांवरून काही निष्कर्ष काढू नका, मूळ काळापांढराच शोधा.

फोटोच बनावट असेल तर

महाकाय मानवी सांगाडा आणि शेजारी चिमुकला खोदणारा माणूस, हा फोटो आपल्याकडे घटोत्कचाच्या नावाने खूप फिरला. २००७ मध्ये एका भारतीय मासिकात ही बातमी म्हणून आली होती. मूळ फोटो २००० साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कमध्ये चाललेल्या मॅस्टोडॉनच्या (हत्तीसारख्या, नामशेष झालेल्या प्राण्याच्या) खोदकामाचा, त्यात सांगाडा घालून २००२ मध्ये एका फोटो एडिटिंगच्या स्पर्धेसाठी ते चित्र बनवलेलं. बनवणाऱ्याने फसवायला बनवलंच नव्हतं, स्पर्धेचं नाव गळलं आणि फोटो राहिला. म्हणून बनावट फोटोचंही मूळ शोधायचंच, नुसतं "फेक आहे" म्हणून सोडायचं नाही, कारण समोरच्याला खरा, न बदललेला फोटो शेजारी ठेवून दाखवला तरच पटतं.

एआयने बनवलेल्या फोटोंसाठी लोक बोटं मोजतात, अक्षरं बघतात, ते ठीक आहे पण दर सहा महिन्यांनी या खुणा कमी होतायत. त्यापेक्षा हे बघा: खऱ्या महत्त्वाच्या वस्तूचे वेगवेगळ्या बाजूंनी, वेगवेगळ्या लोकांनी काढलेले फोटो असतात, तिला साइट असते, खोदणाऱ्यांची नावं असतात. एवढं भारी काहीतरी सापडलं आणि जगात त्याचा एकच फोटो, एकाच अँगलचा, साइटचं नाव नाही, तर मग आणखी वेळ घालवू नका.

सापडल्यावर काय लिहायचं

वस्तू जुनी म्हणून फोटो फुकट असं नसतं. मूर्तीचा फोटो हे फोटोग्राफरचं काम धरलं जातं, त्याचा हक्क असू शकतो. मेटने २०१७ पासून त्यांच्याकडच्या हक्क संपलेल्या वस्तूंचे फोटो कुणालाही वापरायला मोकळे केलेत, ब्रिटिश म्युझियमचे फोटो व्यापारी नसलेल्या वापराला अटींसह चालतात. प्रत्येकाची अट वेगळी, म्हणून ज्या पानावर फोटो आहे तिथलंच लायसन्स वाचा.

क्रेडिटमध्ये दोन्ही रकाने येऊ द्या: वस्तूचं नाव, कुठे सापडली, आता कुठे, नंबर, आणि मग फोटो कुणाचा, कुठून घेतला, लायसन्स. एखादा रकाना रिकामा राहिला तर म्युझियमला मेल करा, फोटो जोडा, तुम्ही काय काय तपासलं ते दोन ओळींत लिहा आणि एकच नेमका प्रश्न विचारा, "हा तुमचा अमुक नंबर आहे का?" असा. उत्तराला आठवडे लागू शकतात. तोपर्यंत त्या रकान्यात "छायाचित्रकार अज्ञात, अमुक पुस्तकाच्या अमुक प्लेटवरून" एवढंच लिहा.